छप्पर कोरडं आहे

छप्पर गळत असावं अशी माझी फार इच्छा होती. घराच्या मालकिणीनं असं म्हणणं शोभत नाही, पण होती. छप्पर तपासणाऱ्या रागनाची गाडी धक्क्याकडून चढाव चढत येताना दिसली तेव्हा मी तान्ह्या टूवाला खांद्यावर टाकून खिडकीत उभी होते आणि मनात म्हणत होते, एक तरी भोक निघू दे. चांगलं मोठं, फोटोत दिसेल असं.

कारण होता योस्टाइन. माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर असतो, पार वर उत्तरेच्या समुद्रात. बोट एकदा गेली की आठवडेच्या आठवडे येत नाही. टूवा झाली तेव्हा तो घरी होता. मग गेला, आला, पुन्हा गेला. आता हिवाळ्यातला कॉड माशांचा हंगाम तोंडावर आला होता आणि शुक्रवारपर्यंत त्याला कप्तानाला सांगायचं होतं, हंगामभर राहतो, की बोट सोडून इथल्या बंदरावर काम धरतो. फोनवर तो म्हणाला होता, "ओशिल्ड, छप्पर खरंच गळत असेल तर मी येतो. तुला एकटीला त्यात टाकणार नाही. पण गळत नसेल, तर एवढा हंगाम करू दे मला."

म्हणजे हिवाळाभर या घरात तो असणार की नसणार, हे कौलांनी सांगायचं होतं.

उतरत्या छतावरचा तो डाग टूवाच्या पलंगाच्या बरोबर वर होता. ओल्या कपाचा टेबलावर उमटतो तसा आधी एक, मग त्याला लागून दुसरा. बेटावर सगळ्यांना मी तो सांगून पाहिला. सासूबाई, मारित, खाडीपलीकडे राहतात. त्या येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, "जुन्या घराला डाग असायचेच. माझ्या हातांवर बघ किती आहेत." आरोग्य केंद्रातल्या नर्सला मी विचारलं, ओल बाळाच्या छातीला बाधते का. तिनं टूवाचं वजन केलं, छाती ऐकली आणि म्हणाली, "सगळं ठीक." मग माझ्याकडे न बघता, "आणि तू? ठीक ना?" मी म्हटलं, ठीक. या बेटावर तो एक शब्द पाठ असला की माणसाचं सगळं निभतं.

म्हणून मी शहरातून छप्पर तपासणारी बाई बोलावली. जिचं कामच मुळी काय बिघडलंय ते शोधायचं, अशी कुणीतरी.

रागना पन्नाशीची असावी. रुंद खांदे, कापलेले करडे केस, पाठीवर एक भलीमोठी पिशवी. दारातच बूट काढून तिनं टूवाकडे पाहिलं. तिच्या पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते.

"घरमालक ही का?"

"हीच. मी भाडेकरू," मी म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी आपण विनोद केला हे लक्षात येऊन मला जरा संकोचच वाटला.

"माझा नातू सगळ्यांना सांगतो, आमची आजी छपरांची डॉक्टर आहे. मी म्हणते, अरे डॉक्टरांचे पेशंट तरी खाली झोपलेले असतात."

तिनं आधी डाग पाहिला. हात लावला नाही, नुसती मान मागे टाकून बराच वेळ पाहत राहिली. खोलीत इतका वेळ कुणीतरी त्याच्याकडे बघतंय याचंच मला बरं वाटलं.

"पहिल्यांदा कधी दिसला?"

"शरद लागला तेव्हा."

"ओला कधी होतो? पाऊस झाला की? की आकाश निवळून थंडी पडली की?"

मी रोज सकाळी त्या डागाला बोट लावून पाहते. पावसाच्या दिवशी तो कोरडा असतो आणि थंडीच्या, स्वच्छ सकाळी बोटाला ओल लागते, हे मला पक्कं माहीत होतं.

"पावसानंतर," मी म्हटलं.

"हं." तिनं ते लिहून घेतलं. "कुठला वारा असताना?"

"नैर्ऋत्येचा." तेवढं आपलं ठोकून दिलं. इथे दुसरा वारा असतो कधी?

मला वाटलं होतं ती लगेच शिडी लावेल. तिनं दुर्बीण काढली आणि पाऊस पडत असताना अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. मी टूवाला छातीशी बांधून, वरून योस्टाइनचं मोठं जाकीट घालून पडवीत उभी. वारा नसल्यानं पाऊस त्या दिवशी सरळ पडत होता. असा पाऊस इथे क्वचितच पडतो.

"अर्धं छप्पर जमिनीवरूनच कळतं," ती ओरडून म्हणाली. "आढं सरळ आहे. कुठे बसलेलं नाही. आढं बसलं की मी म्हणते, चला, आज जेवण इथेच."

"आणि पाखं?"

"पाखंही सपाट आहेत. उत्तरेच्या बाजूला शेवाळ आहे, पण ते या किनाऱ्यावर माणसांनाही येतं."

मग तिनं घराला एक फेरी मारली. भिंतींवर ओघळ आहेत का पाहिलं, पन्हाळीचा खाली उतरणारा नळ हातानं ठोकून पाहिला, मग शिडी आणली आणि ती वर खाली दोन ठिकाणी बांधली. मी विचारलं, धरू का?

"नको. शिडी बांधलीय. तू बाळ धर."

ती पन्हाळीतून मूठ मूठ घाण काढून खाली टाकू लागली. शेवाळ, सडका पाला, खेकड्याची नांगी, शिंपले. समुद्रपक्षी शिंपले उचलून आणतात आणि फुटावेत म्हणून आमच्या छपरावर सोडतात. सकाळी ते टकटक वाजतात. सुरुवातीला मला वाटायचं, दारावर कुणी आलंय. मी दोनतीनदा दार उघडूनही पाहिलं होतं.

"एक कौल फुटलंय," वरून आवाज आला.

माझ्या काळजानं उडीच मारली. टूवालाही ती जाणवली असावी, तिनं डोळे उघडले.

"कुठे? टूवाच्या खोलीवर?"

"नाही गं, धुराड्याच्या या अंगाला. शिंपल्यानं फोडलंय. थांब, खाली बघते." ती बराच वेळ दिसलीच नाही. मी पावसात चार पावलं पुढे जाऊन मान वर करून पाहत राहिले. पाणी डोळ्यांत जात होतं. आत शिरलं असेल. इतके महिने हळूहळू शिरत असेल. मी मनातल्या मनात योस्टाइनला फोनही लावला होता.

ती शिडीच्या टोकाशी परत आली आणि मोबाइल माझ्या दिशेनं धरून म्हणाली, "हे बघ. म्हणजे नंतर बघ, तिथून काय दिसणार. कौलाखाली जाड डांबरी कागद आहे, तो धडधाकट आहे. खालच्या फळ्याही कोरड्या. ज्यांनी हे छप्पर केलं ना, त्यांनी कागद चांगला घातलाय. सुटी कौलं आहेत का शेडमध्ये?"

होती. ढीगभर होती.

"मग आण एक. हे माझं काम नाही, मी फक्त बघते. पण आता चढलेच आहे तर."

मी स्वतःच्या हातानं कौल आणून दिलं. माझं एकुलतं एक भोक तिनं बोलता बोलता बुजवून टाकलं.

धुराड्याभोवतीचा शिशाचा पत्रा चांगला. खिळे चांगले. पन्हाळ एका जागी जरा कललेली, तेवढं एक. शिडी उतरताना ती कुठलंसं गाणं पुटपुटत होती. तिचा आनंद मला बघवेना.

"आता आत," ती म्हणाली. "खरी गोष्ट माळ्यावर असते."

टूवाला मी पलंगात निजवलं, खोलीचं दार उघडं ठेवलं, आणि माळ्याच्या शिडीवर छातीपर्यंत चढून थांबले. धड वर, कान खाली. मी कुठेही असले तरी अशीच असते, अर्धी. टूवाचा श्वास ऐकू येईल एवढ्याच अंतरावर. रागना वाशांवर ओणवी होऊन दिवा फिरवत पुढे सरकत होती. आधी तिनं डोळे मिटून नुसता वास घेतला.

"येतोय?"

मला कसलाच वास आला नाही. किंवा घराचा आला, म्हणजे रोजचाच.

"बुरशीचा. थोडाच आहे, घाबरू नकोस." तिनं दोन सुयांचं एक यंत्र फळीत खुपसलं, आकडा पाहिला, दुसरीकडे खुपसलं. "इकडे ये. वर ये जरा."

"ती उठेल."

"उठली तर रडेल, आणि रडली तर आपल्याला कळेल."

मी वर गेले. तिनं दिवा छपराच्या आतल्या अंगाला धरला. फळ्यांतून कौलांचे खिळे आत आले होते, शेकडो, आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. पाहिल्यावर पहिल्यांदा मला ते सुंदर वाटलं. मग आशा वाटली.

"गळतंय ना?" मी विचारलं.

"नाही. पाऊस असा येत नाही. पाऊस एका जागेतून शिरतो, वाट काढतो, लाकडावर ओघळ सोडतो. चोरासारखा. हे बघ, सगळीकडे सारखं आहे. प्रत्येक खिळ्याला आपापला थेंब." तिनं बोटानं एक थेंब टिपला. "तू पावसानंतर म्हणालीस. मला वाटतं, थंडीच्या सकाळी होत असणार."

"हो," मी म्हटलं. "तेव्हाही."

तिनं मान डोलावली आणि तो विषय तिथेच सोडला. त्याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

मग ती रांगत वळचणीकडे गेली, टूवाच्या खोलीवर छप्पर उतरत भिंतीला टेकतं तिथे. उबेसाठी माळ्यावर टाकतात ती काचेची पिवळी लोकर तिथे ठासून भरली होती, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"ही कुणी भरली?"

"योस्टाइननं. टूवा व्हायच्या आधी. समुद्रावर परत जायच्या आदल्या दिवशी."

मला तो दिवस नीट आठवतो. माझं पोट एवढं मोठं होतं की मला शिडी चढता येत नव्हती. मी खाली उभी राहून दिवा धरला होता. तो वर खोकत, शिव्या देत काम करत होता आणि मधूनच हाक मारून विचारत होता, बसलीस ना, उभी राहू नकोस. खाली उतरला तेव्हा पापण्यांवर पिवळे कण होते. म्हणाला, "आता बघ, पोरीच्या डोक्यावर वारा येणार नाही."

"कामसू आहे," रागना म्हणाली. "पण इथे फट असायला हवी. हवा वळचणीतून आत शिरते, फळ्यांखालून वर सरकते आणि आढ्यातून बाहेर पडते. तिनंच छप्पर सुकतं. यानं ती वाटच बुजवली. या किनाऱ्यावर प्रत्येक नवा बाप हेच करतो. मी तुला दहा घरं दाखवीन. मूल झालं की वर चढायचं आणि भोकं बुजवायची." तिनं लोकरीचा एक तुकडा बाजूला ओढला, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि काहीतरी खेचायला लागली. "आणि लोकर पुरली नाही की मग… हे काय आणखी?"

स्वेटर होता. राखाडी, खांद्यावर पांढऱ्या चौकड्या, कोपराला रफू. ओला, जड आणि कडेला काळे ठिपके पडलेला.

"हा कुणाचा?"

"त्याचाच." मी तो हातात घेतला. मारितनं विणलेला. योस्टाइनला तो टोचायचा. आईला त्यानं सांगितलं होतं की लाटेत वाहून गेला, आणि मारित त्यावर हळहळून म्हणाली होती, जाऊ दे, तू नाही गेलास ना.

मी तिला हे सांगितलं तशी रागना हसली, वाशाला डोकं टेकवून. "समुद्र बराच वर आला म्हणायचा."

मलाही हसू आलं. इतके महिने मी रोज सकाळी ज्या डागाला बोट लावत होते, त्याच्या वर हा स्वेटर होता. माझ्या बोटापासून हातभर अंतरावर.

खाली आल्यावर तिनं टूवाच्या खोलीतली भिंत पाहिली. भिंतीत हवेसाठी एक गोल झरोका असतो, तो मी चिकटपट्टीनं बंद केला होता, दोन थर लावून. हीटरसमोर कपडे वाळत घालायचा घोडा, त्यावर टूवाची झबली, लंगोट, माझे टॉवेल. खिडकीच्या काचेवर आतून पाणी.

तिनं काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "वारा तिच्या डोक्यावर येत होता. आणि कपडे बाहेर वाळत नाहीत."

"इथे कुणाचेच वाळत नाहीत." ती पलंगाच्या कडेला टेकली आणि आवाज खाली आणून बोलू लागली. "हे बघ ओशिल्ड. तुझं छप्पर कोरडं आहे. चांगलं आहे, अजून कितीतरी वर्षं जाईल. बाहेरून थेंबही आत येत नाही. हे पाणी तुमचंच आहे. कपड्यांची वाफ, किटलीची वाफ, रात्रभर माणसं श्वास सोडतात तो. उबदार हवा वर जाते, छतातून माळ्यावर शिरते, तिथे थंड फळी लागली की तिचं पाणी होतं. त्याला बाहेर जायला वाट हवी. तुम्ही दोघांनी, एकानं वरून आणि एकीनं खालून, घर पार डबाबंद करून टाकलंय."

"दोघांनी," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे एवढंच एक काम होतं वर्षभरातलं. एकमेकांना न सांगता.

मी कॉफी केली, कालचे वॉफल गरम केले, वर तपकिरी चीज. पाहुण्यांसाठीचा कप फडताळातून काढला तर त्याच्या आत धूळ होती. ती रागनाला दिसू नये म्हणून मी पाठ करून धुतला. ती वॉफल खात फोटो पुढे सरकवत होती आणि टूवा माझ्या मांडीवरून तिच्या चमच्याकडे हात करत होती.

"अहवालाचा कागद आठवड्याभरात येईल," ती म्हणाली. "त्यात प्रत्येक गोष्टीला आकडा असतो, शून्यापासून तीनपर्यंत. शून्य म्हणजे नवं कोरं. तीन म्हणजे सामान बाहेर काढा. कौलांना मी एक देणार आहे. माळ्याला दोन."

"तीन नाही देता येणार?"

ती चावायची थांबली.

"माळ्याला," मी घाईनं म्हटलं. "बुरशी आहे ना. आणि लहान मूल आहे घरात. म्हणजे, नियमात कुठे बसत असेल तर."

"लोक मला दोनाचा एक करायला सांगतात," ती म्हणाली. "घर विकायचं असतं ना. केक वगैरे करून ठेवतात. तीन मागणारी तू पहिलीच. आणि वॉफल कालचे."

मी टूवाची मूठ उघडत, मिटत राहिले.

"नवरा कधी यायचा आहे?" तिनं विचारलं.

"तेच," मी म्हटलं. "तेच ठरायचंय." आणि मग मी तिला सांगून टाकलं, छपराचं बोलणं आणि शुक्रवार. फार नाही, चारच वाक्यं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं म्हणतात, पण तसं नव्हतं. ओळखीचं माणूस एवढा वेळ माझ्या स्वयंपाकघरात बसलंच नव्हतं.

रागनानं बशी पुसून साफ केली. मी वाट पाहत होते की ती आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल. ती म्हणाली, "माझा नवरा निवृत्त झाल्यापासून रोज घरी असतो. दिवसभर माझ्यामागे फ्रीज बंद करत फिरतो." मग कप खाली ठेवून, "मी तीन लिहू शकत नाही, ओशिल्ड. तीन लिहिलं तर कुणीतरी येऊन तुझं चांगलं छप्पर उचकटून टाकेल."

"माहीत आहे."

"आज पाऊस थांबला की सगळ्या खिडक्या सताड उघड. सगळ्या एकदम, थोडा वेळच. ती चिकटपट्टी काढून टाक. कपडे इथून हलव. वळचणीतली लोकर हातभर मागे ओढून घे, फटीतून उजेड दिसला पाहिजे. ते तू करू शकशील, त्याला माणूस लागत नाही." ती उठली. "पोरगी तोवर बाहेर झोपेल. झोपते ना बाहेर?"

या देशात सगळ्यांची मुलं बाहेर झोपतात, बाबागाडीत, थंडीत, गालांचे टोमॅटो करून. दुकानाच्या बाहेर, शाळेच्या बाहेर. मारित दर भेटीत विचारते. मी म्हणते, हो हो.

"नाही," मी म्हटलं. "मला श्वास ऐकू येत नाही तिचा, बाहेर असली की."

"अच्छा." रागनानं बूट चढवले, नाड्या बांधल्या. "मग तिच्या शेजारी बसून राहा. तसं करू नये असं कुठे लिहिलंय?"

तिची गाडी उताराला लागली, वळणावर दिसेनाशी झाली, मग धक्क्याजवळ एकदा दिसली. दारापाशी फरशीवर तिच्या मोज्यांचे ओले ठसे होते. मी ते पुसले नाहीत. आत आले तर घर खायला उठलं. ती यायच्या आधीही ते तसंच होतं, पण मध्ये कुणी येऊन गेलं की घराची भूक वाढते.

दुपारी योस्टाइनचा फोन आला. बोटीवरून बोलताना शब्द उशिरा पोचतात, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर एक पोकळी असते. आम्ही दोघंही ती भरायला धावतो आणि एकमेकांवर आदळतो. त्या दिवशी मी ठरवलं, आदळायचं नाही.

"आली होती?" त्यानं विचारलं. मागे यंत्रांची घरघर.

"आली होती."

"मग? काय म्हणाली?"

एक खोटं अगदी जिभेवर होतं. कागद यायला आठवडा होता, शुक्रवार आधी होता. धुराड्यापाशी फुटलंय, आत पाणी शिरलंय. फुटलेलं कौल अजून अंगणात पडलं होतं, त्याचा फोटोही पाठवता आला असता. तो आला असता. आणि मग वर चढून त्यानं पाहिलं असतं.

"छप्पर कोरडं आहे," मी म्हटलं.

पोकळी. मग त्याचा सुटलेला श्वास ऐकू आला. "देवा. बरं झालं. मला वाटलं होतं, आता सगळं उचकटावं लागतंय की काय."

"तुझा स्वेटर सापडला."

"कुठला?"

"समुद्रात वाहून गेला तो."

यावेळची पोकळी मोठी होती. मग तो हसला, ओशाळं, शाळेतल्या मुलासारखं. "आईला सांगू नकोस हां."

"तू वळचण बुजवलीस. वर हवा जात नाही म्हणून पाणी साचतंय. मी खालून झरोका बुजवला होता. ती म्हणाली, डबाबंद केलंय तुम्ही घर."

"मला वाटलं, पोरीला वारा लागेल."

"मलाही तेच वाटलं."

त्याच्या मागे कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "आलो." मग मला, "म्हणजे तसं सगळं ठीक आहे ना?"

तो शब्द आला आणि मला कळलं की आता नाही तर नाहीच.

"छप्पर ठीक आहे," मी म्हटलं. "मी नाही. छप्पर कोरडं आहे, योस्टाइन. तरी ये."

मी पोकळी तशीच राहू दिली. काही भरलं नाही. यंत्राची घरघर, कुठलंसं दार आपटलं, पाण्याचा आवाज.

"छप्पर गळत असतं तर सोपं होतं," तो शेवटी म्हणाला. "कप्तानाला सांगायला. छप्पर गळतंय म्हटलं की सगळ्यांना कळतं. हे काय सांगू मी त्याला?"

"सांग, घरात माणसं कमी पडतात."

"हसतील सगळे."

"हसू दे."

पुन्हा हाक आली, आता जरा वरच्या पट्टीत. "मी बोलतो त्याच्याशी," तो म्हणाला. "आज नाही. आज जाळं वर घ्यायचंय. उद्या बोलतो." आणि फोन तुटला, किंवा त्यानं ठेवला. बोटीच्या फोनवर ते कळत नाही.

'बोलतो' म्हणजे 'येतो' नव्हे. मी शिकलेली बाई आहे, मला फरक कळतो. तरी हातात फोन धरून मी काही वेळ उभी राहिले, कारण निदान आता मागायचं होतं ते मागून झालं होतं, आणि त्यात कौलांचा काही संबंध नव्हता.

पाऊस थांबला होता, वारा सुटला होता. मी झरोक्यावरची चिकटपट्टी काढली. तिच्यासोबत रंगाचा एक गोल निघून आला. सगळ्या खिडक्या उघडल्या. पडदे बाहेरच्या बाजूला गेले आणि घर एकदम मोठं, कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं. टूवाला लोकरीच्या शालीत गुंडाळून बाबागाडीत ठेवलं आणि गाडी टूवाच्याच खोलीच्या भिंतीलगत, वळचणीखाली लावली, चाकाला दगड लावून. पायरीवर तिच्या शेजारी बसले. पागोळ्या अजून ठिबकत होत्या, गाडीपासून वीतभर दूर. तिचं नाक लाल झालं, पापण्या जड झाल्या, आणि घरात तासभर झुलवावं लागतं ती पोरगी काही कुरबुर न करता झोपली. मी कान गाडीच्या छत्रीला लावला. वाऱ्यात मला काहीच ऐकू आलं नाही. मग हात आत घातला. छाती वर, छाती खाली. पुन्हा घातला. तसंच.

तिच्या गाडीत मी तिचं रडणं ऐकवणारं यंत्र ठेवलं, दुसरं खिशात घातलं आणि माळ्यावर चढले. पहिल्यांदाच एकटी, अख्खी, पायांसकट. दिवा तोंडात धरून वळचणीपर्यंत रांगले आणि लोकर मागे ओढायला सुरुवात केली. ती हातांना चावत होती. लोकरीमागून योस्टाइनचा एक जुना मोजा निघाला, मग अंघोळीच्या टॉवेलाचा तुकडा, मग काहीच नाही. एक थंड पट्टा तोंडावर आला. हवा. तिला शेवाळाचा आणि मिठाचा वास होता.

फटीतून उजेड दिसला पाहिजे, ती म्हणाली होती. दिसला. मी गाल फळीला टेकवून एक डोळा लावला. खाली अंगणातली हातभर वाळू दिसत होती, फुटलेल्या कौलाचा तुकडा, बाबागाडीचं एक चाक, आणि चाकाला लावलेला दगड. त्यापलीकडे धक्क्याकडे जाणारा रस्ता, रिकामा.

खिशातलं यंत्र शांत होतं. मी तिथेच पोटावर पडून राहिले, फटीशी, त्या चाकावर नजर ठेवून. माझा श्वास पांढरा होऊन त्या फटीतून बाहेर जात होता, आणि बाहेर गेल्यावर दिसत नव्हता.